‘नको’ म्हणण्याला कमिशन नाही



आज पिकाची नोंद नाही, फोटो पण नाही. आज थोडं भांडायचं आहे. आणि त्यातलं अर्धं भांडण माझं माझ्याशीच आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

परवा सोयाबीनात डवरणी चालू असताना फोन आला. पोरगा गोड बोलणारा, शिकलेला. म्हणाला, "काका, आम्ही तुमचं पेज वर्षभरापासून पाहतो. लोकांचा तुमच्यावर भरोसा आहे. आम्हाला तुमच्याकडून जाहिरात नको."

मी म्हटलं, मंग काय पाहिजे बाप्पा?

"तुम्ही लिहिता तसंच लिहीत राहा. पाऊस, तण, अळी, भाव. आठ-दहा नोंदींत एखाद्या वेळी आमच्या औषधाचं नाव सहज येऊ द्या. खाली लिंक टाका. त्या लिंकवरून कोणी मागवलं की शंभराला बारा रुपये तुमच्या खात्यात. लोकांना जाहिरात वाटणारच नाही. उलट कामाची माहिती मिळाली म्हणून तुमच्यावरचा भरोसा वाढेल."

मी विचारलं, "आणि मला याचं कमिशन मिळते, हे लिहू का?"

तो हसला. "काका, ते लिहिलं तर मग काय फायदा?"

त्याच्या या एका वाक्यासाठी आजची नोंद आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. लिंकच्या शेपटीला एक कोड असते. तो कोड माझ्या नावाचा. तुम्ही लिंक दाबून माल घेतला की कंपनीला कळते, हे गिऱ्हाईक याच्यामुळे आलं. मंग माझा हिस्सा माझ्या खात्यात. हा धंदा नवा नाही. ॲमेझॉनने १९९६ पासून चालवला आहे, आणि तिचाही नियम असा आहे की यातून आपल्याला पैसे मिळतात हे लोकांना सांगायचं. आपल्याकडे शेतीत प्रत्येक वेळी लिंकच असते असंही नाही. कोणी सांगते, "दुकानात माझं नाव सांगा, सूट मिळेल." कोणी व्हिडिओच्या शेवटी प्रतिनिधीचा नंबर देते. कोणाला बाटल्या फुकट येतात, कोणाला कंपनीच्या खर्चाने सहल. दोरी वेगळी, पण खुंटा एकच.

आता आपल्या लोकांना समजेल असं बोलू. खताच्या दुकानात लिंकिंग होते ते तुम्हाला ठाऊक आहे. डीएपीची थैली मागितली की दुकानदार म्हणते, याच्यासंग हे पाकीट घ्या नाहीतर थैली नाही. आपल्याला राग येते. आपण भांडतो, तक्रार करतो, पेपरात बातमी येते. काहून येते? कारण पाकीट डोळ्यासमोर ठेवलेलं असते. नको असलेली वस्तू आपल्या गळ्यात घातली हे आपल्याला दिसते.

पण सल्ल्याचं लिंकिंग दिसत नाही. तिथे माझ्या पावसाच्या नोंदीच्या थैलीसंग तुमच्या गळ्यात बाटली येते, आणि तुम्ही म्हणता भाऊने चांगली माहिती दिली. भांडणार कोणाशी?

बाजार समितीतली अडत आठवा. वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापली गेली. पण ती पट्टीवर लिहिलेली होती. लिहिलेली होती म्हणून तिच्याविरुद्ध ओरडता आलं. २०१६ साली भाजीपाला आणि फळांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं राज्य सरकारला ठरवावं लागलं. जी कटती कागदावर दिसते तिच्याशी लढता येते. जी दिसतच नाही तिच्याशी कसं लढणार?

आणि बैलबाजार आठवा. दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबते, भाव तिथे ठरते. रुमाल आहे, तरी त्यात दगा नाही, कारण तो दलाल आहे हे साऱ्या बाजाराला माहीत असते. त्याच्या बोलण्यातून किती कापायचं हे आपण मनातच धरून चालतो. पण समजा तुम्ही आपल्या साळ्याला संग नेलं. त्याला बैलातलं कळते म्हणून. त्याने दात पाहिले, खांदा पाहिला, चालवून पाहिलं, आणि म्हणाला, "भाऊजी, डोळे मिटून घ्या." आणि नंतर कळलं की विकणाऱ्याने त्याच्या खिशात आधीच पाचशे टाकले होते. मंग याला दलाली म्हणाल का? बैल चांगला निघाला तरी त्या साळ्याला तुम्ही पुन्हा बाजारात नेणार का?

शेतकऱ्याचं पेज म्हणजे तो साळा आहे राजेहो. दुकानदाराला आपण गिऱ्हाईक म्हणून भेटतो. एकमेकांना मात्र आपण घरचे म्हणून विचारतो.

आता माझी गोष्ट. तीन वर्षं पोटात ठेवली, आज ओकतो.

२०२३ चा खरीप. त्या वर्षीचा ऑगस्ट साऱ्यांना आठवत असेल. देशात नोंदी ठेवणं सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. सोयाबीन ऐन फुलात, आणि पावसाने पाठ फिरवली. त्याच्या थोडं आधी एका ओळखीच्या माणसाने मला टॉनिकच्या दोन बाटल्या फुकट दिल्या. म्हणाला, "मारून पाहा, आवडलं तर लिहा, माझा नंबर टाका. तुमचं नाव सांगून कोणी घेतलं तर बाटलीमागे ऐंशी रुपये तुमचे."

मी मारलं. पीक हिरवंगार उभं राहिलं. मी फोटो काढला, लिहिलं, "ताणातही आपलं सोयाबीन टवटवीत, हे वापरलं." खाली नंबर. ऐंशी रुपयांचं लिहिलं नाही. खोटं लिहिलं असं तेव्हा वाटलंही नाही. औषध मारलं होतं, पीक हिरवं होतं, फोटो माझ्याच वावरातला होता.

एक गोष्ट मात्र मी त्या नोंदीत लिहिली नव्हती. माझं ते वावर नाल्याकाठचं आहे, काळं, खोल. विहिरीला पाणी होतं. त्या पंधरवड्यात मी दोनदा स्प्रिंकलर चालवले होते. पीक पाण्याने वाचलं, मी श्रेय बाटलीला दिलं.

माझ्या धुऱ्यावरचा शेजारी, त्याची चार एकर वरच्या अंगाला, बरड. विहीर नाही. त्याने माझी नोंद वाचली आणि एकरी एक बाटली, चारशे पन्नासची, असं दोन वेळा मारलं. आठ बाटल्या, तीन हजार सहाशे रुपये. फवारणाऱ्याची मजुरी वेगळी. आणि तेही उधारीवर. सप्टेंबरात पिवळा मोझॅक आला. तुम्हाला आठवते, त्या वर्षी विदर्भात वावरंच्या वावरं पिवळी पडली होती. मोझॅक हा विषाणूचा रोग, पांढरी माशी तो पसरवते. टॉनिकने विषाणू मरत नाही. पण त्याला वाटत होतं आपण ‘भाऊने सांगितलेलं’ मारलं आहे, पीक धरेल. त्या भरोशावर त्याने पिवळी झाडं सुरुवातीलाच उपटून काढली नाहीत, माशीकडे पाहिलं नाही. त्याला एकरी अडीच क्विंटल झालं.

दिवाळीच्या आसपास माझ्या मोबाइलवर पैसे आले. एक हजार सातशे साठ. बावीस बाटल्यांचे. मी हिशेब केला, त्यातले सहाशे चाळीस माझ्या शेजाऱ्याचे होते.

हे त्याला कळलं. गावात काही लपत नाही. एका संध्याकाळी धुऱ्यावर भेटला. मला वाटलं शिव्या देईल. त्याने शिव्या देल्या नाहीत. इतकंच म्हणाला, "भाऊ, पैसे पायजे होते तं मले मांगते."

मी पैसे परत द्यायला गेलो तर त्याने घेतले नाहीत. अजून बोलते, चहा पाजते. पण वावरातलं काही विचारत नाही. पहिले रोज विचारत होता.

पुढच्या हंगामात मी तीच बाटली स्वतःच्या पैशाने आणली आणि मधले आठ तास न फवारता सोडले. बाकी खत, पाणी, डवरणी सारखी. दोन्हीकडच्या दहा-दहा झाडांच्या शेंगा मोजल्या. फरक नव्हता. एका वावरातल्या, एका वर्षाच्या मोजणीवरून औषध खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण २०२३ ची माझी ती नोंद खोटी होती, हे आता म्हणतो. ती नोंद पेजवर तशीच आहे, फक्त वर आज लाल अक्षरात लिहिलं आहे की मला यात बाटलीमागे ऐंशी रुपये मिळाले आणि मी पाणी दिलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. या पोराचं म्हणणं असं की चांगली वस्तू सांगितली, लोकांचा फायदा झाला, कंपनीचा झाला, काकाचाही झाला, यात कोणाचं काय गेलं?

काय गेलं ते सांगतो. ‘नको’ गेलं.

आपल्या शेतीत सगळ्यात महाग सल्ला कोणता? ‘हे कर’ असा नाही. ‘हे करू नको’ असा. जून लागला, वरून एक सरी पडली, साऱ्या गावाने तिफण जुंपली, तेव्हा ‘थांब, ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नको’ हे सांगणाऱ्याने दुबार पेरणी वाचवली. याचं कमिशन कोण देते? घरचं सोयाबीन बियाणं शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवण पाहिली, सत्तरच्या वर उगवले, तर बाजारातली पिशवी घेऊ नको. याची लिंक कुठे आहे? कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आल्याशिवाय गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटीवर फवारू नको. हरभऱ्यात मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसेपर्यंत पंप काढू नको. पाच किलो निंबोळीचा शंभर लिटर अर्क घरी कर, सुरुवातीची महागडी फवारणी करू नको. सांगा मंडळी, यातल्या एकाही ‘नको’साठी कोणती कंपनी शंभराला बारा रुपये देणार?

इथेच मेख आहे. कमिशन घेणारा माणूस खोटं बोलेलच असं नाही. तो प्रत्येक शब्द खरा बोलू शकते. पण हळूहळू तो फक्त तेच खरं बोलायला लागते ज्याचे पैसे मिळतात. ज्या सल्ल्याला दाम नाही तो सल्ला पेजवरून आपोआप गळते, पिकातलं पानगळ व्हावी तसा. दोन वर्षांनी पाहा, त्या पेजवर ‘करा, मारा, टाका, मागवा’ एवढंच उरलेलं असते. वाचणाऱ्याला कळतही नाही की काय कमी झालं, कारण जे लिहिलंच नाही ते कोणाला दिसणार?

याच्यावर लोक काय म्हणतात ते पण मला माहीत आहे. एकेकाचं घेतो.

पहिलं, "दुकानदार नाही का मार्जिन घेत?" घेते, घ्यायलाच पाहिजे. पण तो बोर्डाखाली बसते. कीटकनाशक विकायचं तर १९६८ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागते, तो भिंतीवर टांगलेला असते. पक्कं बिल देणं त्याच्यावर बंधन आहे. बिल असलं तर तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकता. माझ्या नोंदीचं बिल कुठे आहे? माझा परवाना कुठे आहे?

दुसरं, "लिंकवरून घेतलं तरी शेतकऱ्याला तेवढ्यालाच मिळते." बाटलीच्या किमतीत माझे बारा रुपये आधीच बसवलेले असतात, कंपनी काही घरून आणून देत नाही. आणि खरा खर्च बाटलीचा नसतेच. जी फवारणी लागतच नव्हती तिची मजुरी, पाणी आणि गेलेला दिवस हा खर्च आहे. माझ्या शेजाऱ्याचे तीन हजार सहाशे दुकानात गेले, पण खरं नुकसान झालं ते बाटलीच्या भरोशावर मोझॅककडे न पाहिल्याने.

तिसरं, "मी स्वतः वापरलं तेच सांगतो." मी पण वापरलंच होतं भाऊ. वापरणं म्हणजे पारखणं नव्हे. बाजूला न फवारलेला पट्टा नसेल तर पाण्याचं, जमिनीचं, पावसाचं सगळं श्रेय बाटली घेऊन जाते. आणि बाटली फुकट आलेली असली की पट्टा सोडायचं माणसाच्या मनातच येत नाही. हे माझ्यावर गुजरलं आहे.

चौथं, "पेज चालवायला मेहनत लागते, नेट लागते, मोबाइल लागते. फुकट कोण करील?" हे खरं आहे आणि याची मला लाज वाटत नाही. मी काही जोगी नाही. पोरांच्या फिया मलाही भराव्या लागतात. कोणी जाहिरात घेतली तर मी त्याला वाईट म्हणणार नाही. फक्त पहिल्या ओळीत लिहा: ही जाहिरात आहे, याचे मला पैसे मिळतात. मंग वाचणारा बैलबाजारात दलालाचं ऐकते तसं ऐकेल, कापायचं ते कापून. पोरगा म्हणाला ना, लिहिलं तर मग काय फायदा? म्हणजे त्याला माझे शब्द नकोच होते. त्याला तुमचं बेसावध असणं विकत पाहिजे होतं. ते माझं नाही. मी ते बारा रुपयात कसं विकू?

आणि हा फक्त माझ्या मनाचा नियम नाही. हा कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे नियम निघाले. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यात साफ आहे: पैसे घेतले, फुकट वस्तू घेतली, सूट घेतली, सहल घेतली, बक्षीस घेतलं, तर ते सांगायचं. सोप्या भाषेत, ठळक, लोकांच्या नजरेतून सुटणार नाही असं. खाली हॅशटॅगच्या आणि लिंकच्या गर्दीत पुरून ठेवायचं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकते, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि एक ते तीन वर्षांपर्यंत शिफारस करायलाच बंदी. जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्या संस्थेने, एएससीआयने, तर २०२१ मध्येच हे नियम केले होते. तुम्ही म्हणाल हे नट-नट्यांसाठी आहे. नाही. मानोऱ्यातल्या दहावी पास शेतकऱ्याने फुकट बाटली घेऊन फोटो टाकला तरी लागू आहे.

शेतीत हे जास्त काहून लागू व्हावं ते पण सांगतो. साबण खराब निघाला तर दुसरा आणता येते. खरीप वर्षातून एकदा येते.

टॉनिकच्या बाजाराचंच पाहा. जैव-उत्तेजकं, म्हणजे ज्याला आपण सरसकट टॉनिक म्हणतो, ती फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात आली. तोपर्यंत त्यांना धड कायदाच नव्हता. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी स्वतः सांगितलं की जवळपास ३०,००० उत्पादनं वर्षानुवर्षं तपासणीशिवाय विकली जात होती, नंतरच्या चार वर्षांतही ८,००० च्या आसपास राहिली, आणि कडक तपासणी लावल्यावर आकडा सुमारे ६५० वर आला. तीस हजारातून साडेसहाशे! मंग बाकीच्या बाटल्या इतकी वर्षं विकल्या कशा गेल्या? कोणी तरी कोणाला तरी म्हणालं असेल ना, "मी मारलं, तुम्ही पण मारा." त्यात एक आवाज माझाही होता.

आणि २०१७ विसरू नका. दिग्रस-दारव्हा आपल्या लागूनच आहे. त्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कारण एक नव्हतं. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, दमट हवा, ना हातमोजे ना मास्क, आणि एकाच पंपात दोन-तीन औषधांची मिश्रणं. तेव्हा एक गोष्ट साऱ्यांच्या तोंडी होती की शेतकऱ्याचा सल्लागार म्हणजे काउंटरवरचा माणूस झाला आहे. आता तो काउंटर मोबाइलात आला. लाल त्रिकोणाचं औषध आहे की हिरव्या, लेबलवर त्या पिकाचं नाव आहे की नाही, हे न सांगता दहा सेकंदाच्या व्हिडिओत ‘रिझल्ट पाहा’ म्हणणारे आपलेच भाऊबंद आहेत. लिंक दाबणाऱ्याच्या पाठीवर पंप असते, सांगणाऱ्याच्या नसते.

कृषी सहाय्यक, विद्यापीठातले, केव्हीकेतले साहेब लोकही हे पेज वाचतात, त्यांनाही हात जोडून सांगतो. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या पाटीवर वाणाचं नाव असते, शेतकऱ्याचं नाव असते, गट नंबर असते. माल कोणी दिला तेही लिहा. शेजारी न फवारलेला पट्टा ठेवा आणि त्याचा पण फोटो टाका, फरक पडला नाही तर तोही. अकोल्याच्या विद्यापीठाची शिफारस वाचून आम्ही पेरतो ते त्यावर विद्यापीठाचं नाव असते म्हणून. त्या नावाचा उसना वापर कोणाला करू देऊ नका.

आणि कंपनीत नोकरी करणाऱ्या बीएस्सी ॲग्रीच्या पोरांनो, तुमच्यावर राग नाही. तुम्ही आमचीच पोरं आहात, तुमच्या डोक्यावर टार्गेट आहे ते मला कळते. माल विका, उजळ माथ्याने विका. गावात येऊन सांगा, "मी या कंपनीचा, हे औषध असं, याचा भाव हा." आम्ही ऐकू, घासाघीस करू, पटलं तर घेऊ. पण आमच्यातलाच एक फोडून त्याच्या तोंडून बोलू नका.

आता या पेजचं. आजपासून इथे असं राहील:

फवारणीच्या, टॉनिकच्या, बियाण्याच्या, खताच्या कोणत्याही मालाचं कमिशन मी घेणार नाही, सांगूनही नाही. कारण घेतलं की माझं ‘नको’ मरते, हे मी पाहिलं आहे.

कोणी काही फुकट दिलं तर पहिल्या ओळीत लिहीन, कोणी दिलं आणि किती दिलं.

न फवारलेला पट्टा नसेल तर ‘फरक पडला’ हा शब्द वापरणार नाही.

पाणी किती दिलं, जमीन कोणती, पाऊस किती, हे लिहिल्याशिवाय पिकाचा फोटो टाकणार नाही.

आणि तुम्ही पण एक करा. कोणाचंही पेज, कोणाचाही व्हिडिओ, माझा सुद्धा, उघडा आणि मागच्या वर्षभराच्या नोंदी खाली सरकवत पाहा. त्याने ‘नको’ किती वेळा म्हटलं ते मोजा. ‘यंदा गरज नाही’, ‘थांबा’, ‘पैसे वाचवा’, ‘माझं चुकलं’, असं किती वेळा लिहिलं? एकदाही नसेल तर समजून घ्या, तिथे बोर्ड न लावलेलं दुकान आहे.

त्या पोराला मी काय म्हटलं ते राहिलंच. मी म्हटलं, "बाबू, माझ्याकडे विकायला काही नाही. एक भरोसा होता, तो २०२३ मध्ये सतराशे साठ रुपयाला विकला. अजून उसनवारीच फेडून राहिलो." त्याला बहुतेक समजलं नाही. फोन ठेवला त्याने.

काल संध्याकाळी ही नोंद लिहून झाल्यावर पेजवर टाकायच्या आधी मी धुऱ्यावर गेलो आणि शेजाऱ्याला वाचून दाखवली. त्याने सारी ऐकली. बराच वेळ काही बोलला नाही. मंग त्याच्या सोयाबीनाकडे हात करून म्हणाला, "भाऊ, खालची पानं जराशी पिवळी दिसून राहिली. काही मारू काय?"

मी तासात बसलो, चार झाडं उपटून मुळ्या पाहिल्या, पानाची मागची बाजू पाहिली. माशी नव्हती. पाणी साचलं होतं तासात, मुळ्यांना हवा नव्हती.

म्हटलं, "काही नको. चर काढून पाणी उतरव. चार दिवस पाह्य."

तीन वर्षांनी त्याने विचारलं होतं.

काही चुकलं असेल तर कान धरा. राम राम.